चिमटीत यायच्या आधी

चि. छकुलीस,

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली, तू फोन ठेवलास आणि मी रात्रभर तुझं बोलणं घोळवत राहिले. “मावशी, ऑगस्ट संपत आला आणि आमच्या पोराच्या वहीत काही नाही. वहीच नाही!” समोरच्या बिल्डिंगमधला त्याच्याच वयाचा मुलगा एक ते पन्नास लिहितो आणि आपला सोन्या मात्र खिशात वाळू भरून घरी येतो. दिवाळीनंतर शाळा बदलायचं तुमच्या मनात आहे, हेही कळलं. या गोष्टी फोनवर उरकण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहायला बसले.

जाता जाता तू आणखी एक सांगितलंस. रात्री तू त्याला वही घेऊन बसवतेस आणि वही दिसली की तो पलंगाखाली जाऊन लपतो. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. असंच एक लपलेलं मूल मी आयुष्यभर बरोबर वागवते आहे.

1984 साली मी पहिल्यांदा बालवाडीवर लागले. देवळाच्या ओसरीवर वर्ग, अठ्ठावीस मुलं, प्रत्येकाच्या हातात पाटी. गावाला वाटायचं बाईंनी लिहायला शिकवावं, आणि मलाही तसंच वाटायचं. साडेतीन वर्षांची एक मुलगी होती, बारीकशी, सतत फ्रॉकचं टोक चावणारी. तिच्या पेन्सिलीची रेघ काही केल्या सरळ येईना. मी तिचा हात माझ्या हातात घट्ट धरला आणि ‘ग’ गिरवून घेतला. एकदा, दोनदा, दहादा. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मी घरी गेले तर ती कणगीमागे लपलेली, आणि तिची आई म्हणाली, “बाई, हात दुखतो म्हणते.” मला तो तिचा बहाणा वाटला.

तो बहाणा नव्हता. पुढे प्रशिक्षणात कळलं, की मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात. मग एकेक करत वर्षावर्षानं ती पक्की होत जातात. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात जेमतेम तीन-चार हाडं धरलेली असतात. या वयाची बरीच मुलं खडू मुठीत धरतात आणि रेघ खांद्यातून ओढतात. बोटांनी पेन्सिल धरून आखलेल्या चौकटीत बसेल एवढं अक्षर काढायचं, तर आधी तो हात घडायला हवा.

तो घडतो कशानं, हे मला त्याच मुलीनं दाखवलं. दिवाळीच्या दिवसांत तिच्या दारावरून जात होते. आजी अंगणात रांगोळी काढत होती आणि ही शेजारी उकिडवी बसून स्वतःचे ठिपके देत होती. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत रांगोळी धरायची, थोडीशी सोडायची, पुन्हा धरायची. मी उभी राहून पाहत राहिले. पाटीवर तिला जमत नव्हती ती पकड तिथे तिच्या बोटांत आपसूक आलेली होती. छकुली, पेन्सिल धरायची ती हीच चिमटी. ती वाळूतून येते, मातीतून येते, मणी ओवण्यातून, पानं फाडून चिकटवण्यातून येते. सोन्याच्या खिशातली वाळू म्हणजे त्याचा लेखनाचा अभ्यासच आहे, हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे.

तू म्हणालीस, “एवढी फी भरून पोरं नुसती खेळतात, हे श्रीमंतांचे चोचले वाटतात.” हे मात्र मला लागलं, कारण ही वाट गरिबांच्या मुलांसाठीच पाडली गेली. माँटेसोरीबाईंचं पहिलं बालघर 1907 साली रोममधल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत निघालं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, आणि 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला येऊन राहिल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण पाड्यावरची मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाला गुरं वळायची. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती तिथली. सरकारची अंगणवाडी योजना आली ती बरीच नंतर, 1975 साली. बोर्डीचं काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. परदेशी साधनं महाग, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं हीच शिकण्याची साधनं झाली. आमच्या प्रशिक्षणाच्या बाई त्याच परंपरेतल्या. त्या आल्या की पिशवीतून आधी चिंचोके काढायच्या.

आता तुझ्या ‘एक ते पन्नास’कडे येते. समोरच्या मुलाला मी नावं ठेवत नाही, लेकरू सांगितलं तेवढं करतंय. पण त्याच्यापुढे मूठभर चिंचोके ठेव आणि म्हण, “यातले मला सात दे.” माझ्या वर्गात शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं सात मागितले की ओंजळच पुढे करायची. अंक म्हणणं हे पाठांतर आहे. एका चिंचोक्याला एकच आकडा, मधला गाळायचा नाही, तोच पुन्हा मोजायचा नाही आणि शेवटी म्हटला तो आकडा सगळ्यांचा मिळून, हे डोक्यात उतरायला शेकडो वेळा हाताळावं लागतं. एकदा मी चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, सहा आणि सहा. पोरगी म्हणाली, सारख्याच आहेत. तिच्या डोळ्यांदेखत एक ओळ थोडी पसरली, तर म्हणाली, “आता ह्यात जास्त.” मी समजावलं नाही. दोनेक महिन्यांनी खेळता खेळता तिनं स्वतःच ओळ पसरली, पुन्हा जवळ आणली आणि माझ्याकडे पाहून हसली. ते हसू सांगून आणता येत नाही. त्यातून आपल्या मराठीत एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी. नुसतं नाव कळायलाही वजाबाकी समजायला हवी. मुलाला जरा वेळ दे ना!

पण तुझी काळजी सगळीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. ‘खेळातून शिक्षण’ अशी पाटी लावली की काम झालं, असं नसतं. नव्या शैक्षणिक धोरणानं 2020 मध्ये तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, त्यासाठीचा अभ्यासक्रम आराखडा 2022 मध्ये आला आणि त्यात खेळ मध्यभागी आहे. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण कागद वर्गात उतरतो तो बाईंच्या हातून. पोरं मोकाट सोडून बाई मोबाइल पाहत बसल्या, तर ते शिक्षण नव्हे. म्हणून शाळा बदलण्याआधी एक दिवस रजा घे आणि तासभर वर्गात बसू देतील का विचार. बाई जमिनीवर मुलांमध्ये बसतात का? भातुकलीत पोरानं दगडाचा लाडू दिला तर खाऊन त्याला पुढचा प्रश्न विचारतात का, “गोड झालाय, किती केलेत? सगळ्यांना पुरतील?” रोज गोष्ट सांगतात का, आणि मुलांना मध्ये बोलू देतात का? चिंचोके काढले की नजर हलवत नाहीत ना? (माझ्या वर्गात एकानं नाकात घातला होता. तालुक्याला न्यावं लागलं. त्या दिवसापासून मी चिंचोके मोजून देत आणि मोजून घेत असे.) हे सगळं दिसलं तर निर्धास्त राहा. न दिसलं तर जरूर बदला, पण वहीसाठी नको.

घरी त्याची वही सध्या कपाटात ठेव. संध्याकाळी स्वयंपाक करताना त्याला ओट्याजवळ घे. मटार सोलू दे, कणकेची गोळी करू दे, त्याच कणकेचा साप वळून ‘ग’ झाला तर होऊ दे. आपल्याकडे अ-आ-इ सोडून ग-म-भ-न आधी शिकवतात ते उगाच नाही. उभी काठी आणि तिला जोडलेली वळणं, एक आलं की दुसरं त्यातूनच निघतं. दोरीवरचे चिमटे काढायला लाव, बोटांना त्याच्यासारखा व्यायाम नाही. पानं वाढताना “बाबांना एक, आजोबांना एक” करत वाट्या मांडू दे. आणि रात्री त्याच वेळेला गोष्ट सांग. तो तीच ती गोष्ट मागेल, तीच सांग. एखादा शब्द बदललास तर तो तुला अडवेल, तेव्हा रागावू नकोस. तो ऐकतोय म्हणूनच अडवतो.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर मी रोज तिच्या अंगणात जाऊन बसायला लागले, पाटीशिवाय. ठिपके ती द्यायची, जोडायचे मी. नवव्या की दहाव्या दिवशी ती माझं बोट धरून ओसरीपर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबून तिनं विचारलं, “आज पाटी नाही ना?”

तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. तुझे काका रविवारी पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर शेरभर चिंचोके पाठवते. यंदाचेच आहेत, तरी एकदा कडक उन्हात वाळव, नाहीतर भुंगा लागतो.

तुझी,
मोठी मावशी