टोपी कुणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी यंदा प्रकल्पाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. माझी चिठ्ठी मी मोठ्याने वाचली तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला. ‘माणसे दहशतवादाकडे का वळतात? आजवरचे संशोधन.’ शेजारच्या मित्राला ‘पंचायत राज्य’ आले होते. अदलाबदल कर म्हणून मी त्याला विनवले, वर चहाही कबूल केला; पण गडी बधला नाही. सरांकडे गेलो तर ते म्हणाले, “तुला काय वाटते ते आधी एका वाक्यात लिहून आण. वाचन मग.”

मी लिहून नेले : ‘गरिबी आणि अज्ञान यांमुळे माणसे दहशतवादी होतात.’

हे वाक्य लिहिताना मला काहीच खटकले नाही, याची आज लाज वाटते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील, म्हणजे आबा, दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. आईला सही येत नाही. तेव्हा माझ्याच वाक्याप्रमाणे दहशतवादी निपजायला आमच्या घराइतके सोयीचे घर नाही! सरांनी वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि विचारले, “हे तुझे, की ऐकलेले?”

मग वाचन सुरू झाले. सगळे इंग्रजीत. एका पानाला एक संध्याकाळ, असा माझा वेग. शब्दकोश उशालाच असे.

पहिल्याच लेखाने माझे वाक्य मोडीत काढले. ॲलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोव्हा या दोन संशोधकांनी २००३ साली लेबनॉनमधल्या हिजबुल्लाच्या १२९ मृत लढवय्यांची माहिती तपासली होती. त्यांच्यात गरीब घरातले २८ टक्के निघाले. त्या भागातल्या एकूण लोकसंख्येत मात्र ३३ टक्के होते. माध्यमिक किंवा त्याहून वरचे शिक्षण झालेले या लढवय्यांत ४७ टक्के, तर इतरांत ३८. म्हणजे बंदूक घेणारा हा शेजाऱ्यापाजाऱ्यांहून जरा बरे खाणारा आणि जरा जास्त शिकलेला! मला, खरे सांगायचे तर, आनंद झाला. कुणीतरी आमच्या घरावरचा आरोप काढून टाकल्यासारखे वाटले. तो आनंद फार टिकला नाही, कारण ‘जरा जास्त शिकलेला’ या वर्गात आता मीही मोडतो.

बरे, हे लोक वेडे असतात असे म्हणावे, तर तेही नाही. संशोधक वर्षानुवर्षे दहशतवाद्याचे वेगळे मन शोधत राहिले आणि त्यांना मिळाली ती बहुतेक साधीच माणसे. मार्क सेजमन या मानसोपचारतज्ज्ञाने २००४ सालच्या पुस्तकात जागतिक जिहादी जाळ्यातल्या १७२ जणांची चरित्रे मांडली. त्यात त्याला ठळकपणे दिसली ती मैत्री आणि नातीगोती. माणूस आधी विचाराला भुलतो आणि मग टोळीत जातो असे नव्हे. आधी मित्र जमतात, एका खोलीत राहतात, एकत्र जेवतात, आणि विचार हळूहळू मागून येतो. फतहअली मोघद्दम या मानसशास्त्रज्ञाने २००५ साली याला जिन्याची उपमा दिली. तळमजल्यावर अन्याय सोसणारी लाखो माणसे असतात. वर प्रत्येक मजला अरुंद होत जातो, दारे कमी होत जातात, आणि शेवटच्या मजल्यावर मूठभरच पोहोचतात. खरा प्रश्न तळमजल्याचा नव्हे. वर कोण चढते आणि कुणाचा हात धरून चढते, याचा आहे.

क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेन्को या दोघांच्या पुस्तकात जुन्या रशियाची उदाहरणे वारंवार येतात. ती वाचताना मात्र मला शब्दकोशाचीही आठवण राहिली नाही.

१८७४ सालचा उन्हाळा. रशियातले शेकडो विद्यार्थी शहरे सोडून खेड्यांत निघाले. त्यांनी शेतकऱ्यांचे कपडे घातले. कुणी चांभारकाम शिकले, कुणी सुतारकाम. ‘जनतेकडे जाणे’ असेच त्या चळवळीचे नाव. जनतेने त्यांना ओळखलेच नाही. काही ठिकाणी तर ज्यांच्यासाठी आले त्या शेतकऱ्यांनीच त्यांना पोलिसांच्या हवाली केले. (आमच्या गावात शिबिराला येणारी शहरातली मुले आठवून मला हसू आले. ती आली की आमचे लोकही आधी विचारतात, “हे कशाचं इकायला आलेत?”) धरपकड झाली. पोरे तीन-तीन, चार-चार वर्षे खटल्याविना तुरुंगात राहिली. काही तिथेच मेली, काहींची डोकी फिरली. शेवटी १९३ जणांवर एकत्र खटला चालला आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास निर्दोष सुटले. पुस्तिका वाटायला गेलेली मुले आत गेली होती; बाहेर आलेली वेगळी होती.

याच दिवसांतली गोष्ट. १८७७ च्या जुलैत सेंट पीटर्सबर्गचा शहरप्रमुख जनरल त्रेपोव्ह तुरुंग पाहायला आला. बोगोल्युबोव्ह नावाच्या राजकीय कैद्याने त्याच्यासमोर डोक्यावरची टोपी काढली नाही. त्रेपोव्हने त्याला फटक्यांची शिक्षा फर्मावली. कायद्यात न बसणारी. हे व्हेरा झासुलिच नावाच्या बाईने वर्तमानपत्रात वाचले. तिने बोगोल्युबोव्हला कधी पाहिलेले नव्हते. तिने सहा महिने वाट पाहिली. कुणीतरी काहीतरी करील, कायदा बोलेल, असे तिला वाटत होते. कुणी बोलले नाही. १९३ जणांचा खटला संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८७८ च्या जानेवारीत, ती अर्जदार म्हणून त्रेपोव्हच्या कचेरीत रांगेत उभी राहिली आणि तिने त्याच्यावर गोळी झाडली. तो वाचला. ज्युरीने तिला निर्दोष सोडले, आणि बाहेर लोकांनी जल्लोष केला.

इथे मी पुस्तक मिटले. कारण मी टोपीपाशीच अडकलो होतो.

ऑगस्टमधली गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा होता. आबा सकाळच्या एस. टी. ने आले. एका कचेरीत (नाव लिहीत नाही) आम्ही दोन तास उभे होतो. नंबर आला तेव्हा आबा सही करायला टेबलावर वाकले. टोपीवरची धूळ असेल, की एस. टी. तली असेल, कागदावर पडली. कारकून म्हणाला, “ए म्हाताऱ्या, आधी ती टोपी काढ. कागदावर घाण पडतेय.” आबांनी टोपी काढून खिशात कोंबली. रांगेतले दोघे-तिघे हसले. घराबाहेर, चारचौघांत, मी आबांचे उघडे डोके त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते मला फार लहान वाटले.

शेवटची एस. टी. चुकली म्हणून आबा वसतिगृहात माझ्याच खोलीत झोपले. रात्री तीन मित्र आले. मी सांगितले. पहिला म्हणाला, “उद्या जाऊन जाब विचारू.” दुसरा म्हणाला, “जाब कसला विचारतोस? कानाखाली जाळ काढू.” तिसरा म्हणाला, “एकाच्या कानाखाली काढून काय होतं? काचा फोडू कचेरीच्या.” प्रत्येक जण आधीच्याहून एक पायरी वर जात होता आणि खाली यायचे कुणालाच धाडस नव्हते. मग कुणीतरी म्हणाले, “त्याची मोटारसायकल बाहेरच असते. पेट्रोल तिच्यातच आहे. काडी तेवढी आपली.”

हे शेवटचे वाक्य माझे होते.

आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आम्हांला वाटले, झोपलेत. ते तसेच पडल्या पडल्या म्हणाले, “टोपी कुणाची हुती?”

मी म्हणालो, “तुमची, आबा.”

“मंग तुमी चौगं कशापायी पेटलाय? मला इचारलं का कुणी?”

एवढे बोलून त्यांनी कूस बदलली. मित्र थोडा वेळ बसले आणि एकेक करून निघून गेले. सकाळी मेसमध्ये आम्ही एकमेकांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हतो.

बोगोल्युबोव्हलाही कुणी विचारले नव्हते. तो पुढे तुरुंगातच वेडा झाला. झासुलिचच्या गोळीची मात्र वाट झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात राजकीय पोलिसांच्या प्रमुखाचा भर रस्त्यात खून पडला. १८७९ साली ‘नारोद्नाया वोल्या’, म्हणजे लोकांची इच्छा, या नावाची गुप्त संघटना उभी राहिली. लोकांना विचारले नव्हतेच. तिच्यातला झेल्याबोव्ह भूदासाच्या घरात जन्मला होता आणि शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेला होता. त्याच्याविषयी वाचताना मी पानाच्या कडेला पेन्सिलीने आपल्या गावाचे नाव लिहिले आणि लगेच खोडले. सोफिया पेरोव्हस्काया तर एका माजी गव्हर्नरची मुलगी. दोघेही त्या १९३ मधले, निर्दोष सुटलेले.

१ मार्च १८८१ (त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे) झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या गाडीवर पहिला बॉम्ब टाकला तो रिसाकोव्हने. खाणशास्त्राचा विद्यार्थी, वय एकोणीस. माझे वय. त्या बॉम्बने झार मेला नाही. एक कोसॅक शिपाई मेला, आणि रस्त्याने चाललेला खाटकाच्या दुकानातला चौदा वर्षांचा पोऱ्या मेला. झार मेला तो दुसऱ्याने टाकलेल्या बॉम्बने. याच झारने १८६१ साली भूदासांना मुक्त केले होते, आणि त्याच सकाळी त्याने सुधारणांच्या एका मसुद्याला संमती दिली होती. त्याच्या मुलाने तो मसुदा गुंडाळून ठेवला. रिसाकोव्हने तुरुंगात साथीदारांची नावे सांगितली, तरी त्याला फाशीच झाली. शेवटच्या क्षणी पेरोव्हस्कायाने त्याच्याकडे पाठ फिरवली. मला त्या दोघांपेक्षा दुकानातला पोऱ्याच जास्त आठवतो. त्याला काय निरोप घेऊन धाडले होते, कोण जाणे.

आमच्या वर्गात हे मांडले तेव्हा एका मित्राने विचारले, “मग सेनापती बापटांना काय म्हणशील? ते पॅरिसला जाऊन रशियन माणसाकडूनच बॉम्ब शिकले ना?” प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, कुणाला कोणता शब्द लावायचा ते मी ठरवत नाही. जिना कसा चढला जातो एवढेच पाहतो. सरांनी मान हलवली. त्यांना पटले की त्यांनी मला सांभाळून घेतले, ते कळले नाही. व्हेरा झासुलिच स्वतः मात्र पुढे परदेशात गेल्यावर या मार्गाच्या विरोधात गेली.

सेजमननेच २०१४ साली लिहिले की, इतकी वर्षे, इतका पैसा खर्चूनही माणूस राजकीय हिंसेकडे का वळतो या साध्या प्रश्नाच्या उत्तराजवळ आपण आलेलो नाही. एवढा मोठा माणूस असे छापून कबूल करतो याचे मला नवल वाटले. आमच्याकडे परीक्षेत असे लिहिले तर शून्य मिळेल.

मलाही उत्तर मिळालेले नाही. त्या रात्री आबांची एस. टी. चुकली नसती तर? आम्ही चौघेच असतो तर? बहुधा काहीच झाले नसते. मतांचा डोंगर मोठा असतो आणि कृतीवर पोहोचणारे थोडे, असे मॅकॉली आणि मोस्कालेन्कोही सांगतात. पण ‘बहुधा’ या शब्दावर मला आता झोप येत नाही. आणि आबांचे बोलणे शहाणपणाचे होते की जन्मभराच्या सवयीचे, हेही मला ठरवता येत नाही. कारकून अजून त्याच खुर्चीवर आहे. झासुलिचने सहा महिने ज्याची वाट पाहिली, त्याची कुणीतरी दखल घेतली असती तर ती रांगेत पिस्तूल घेऊन उभी राहिली असती का, हे तरी कुणी सांगावे?

आम्ही चौघांनी मिळून तक्रारअर्ज लिहिला. आधी आबांना वाचून दाखवला. ‘अपमान’ हा शब्द त्यांनी काढायला लावला. “धूळ पडली हे खरंच हाय,” म्हणाले. टोपीची ओळ मात्र राहू दिली. अर्जावर आवकेचा शिक्का मिळाला आहे. उत्तर अजून आलेले नाही. दाखलाही अपुरा निघाला, त्यामुळे सोमवारी पुन्हा जायचे आहे. मी एकटा जातो म्हणालो, तर आबा म्हणाले, सही माझी लागंल. आईने टोपी धुऊन वाळत घातली आहे.