फक्त नऊ धावा!

परभणीत आमच्या गल्लीतल्या मॅचचा स्कोअर मी लिहायचो. त्यामुळे जुना धावफलक दिसला, की मी तो गोष्टीसारखा वाचतो. हा बघा : डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना. काठेवाड सर्वबाद २३८, महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३! ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम गाठायला फक्त ९ हव्या होत्या. पण सुट्टीनंतर काठेवाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. सामनाच सोडून दिला! भाऊसाहेबांना पुढं एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तरी प्रथम श्रेणीत भारतीयाची ती सर्वोच्च खेळी आजही आहे. हरत असलो तरी खेळ अर्धवट टाकू नये, हे मला या आकड्यांनी शिकवलं.