लोड नसलेलं मीटर

आमच्या कंपनीच्या कॉम्प्रेसर रूममध्ये फोनला रेंज येत नाही. तीन बाजूंना काँक्रीट, वर पत्रा आणि आत दोन स्क्रू कॉम्प्रेसरची घरघर. सुपरवायझरचा फोन टाळायचा असेल तर मेंटेनन्सवाले तिथेच जाऊन बसतात. जुलै २०२४ मध्ये एअर फिल्टर बदलायला मी तिथे गेलो होतो. वेळ बघायला खिशातून फोन काढला तर अॅप उघडंच राहिलेलं. नेटवर्कच्या जागी फुली होती आणि खाली माझ्या बिटकॉइनचा आकडा आपला मजेत वाढत होता.

जे मशीन म्हणे सातासमुद्रापार कुठेतरी माझ्यासाठी चालू होतं, त्याचं मीटर माझ्या फोनमध्ये रेंजशिवाय फिरत होतं. बावीस वर्षं चाकणच्या एमआयडीसीत पॅनेल उघडण्यात गेली. पण हे डोक्यात शिरायला मला आणखी दोन दिवस लागले.

सुरुवात मे महिन्यात झाली, कंपनीच्या बसमध्ये. मी चिखलीला राहतो. फर्स्ट शिफ्टची बस स्पाइन रोडवर पकडायची, मोशीवरून नाशिक हायवेने चाकण. तळेगाव चौकातलं ट्रॅफिक ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको की माणूस तिथे फोनवर काय काय बघतो. एप्रिलमध्ये बिटकॉइनचं हाविंग झालं होतं, म्हणजे दर चारेक वर्षांनी मायनिंगचं बक्षीस निम्मं होतं ते. सगळीकडे त्याचेच व्हिडिओ. त्यातल्या एकाखाली ही लिंक होती: पैसे न भरता क्लाउड मायनिंग. मशीन त्यांचं, वीज त्यांची, नाणी तुमची.

ईमेल टाकला की १० गिगाहॅश वेगाचं मशीन 'फुकट' मिळायचं. दर चार तासांनी अॅप उघडून एक बटण दाबायचं, नाहीतर मायनिंग थांबतं. तीस सेकंदांची जाहिरात पाहिली की वेग तासभर दुप्पट. एक माणूस जोडला की आणखी ५ गिगाहॅश. रोज सहाशेच्या आसपास सातोशी जमा व्हायचे. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. तेव्हा बिटकॉइन ५५ लाखांच्या घरात होतं, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये.

याच आकड्याने मला गंडवलं. दिवसाला हजार रुपये दाखवले असते तर मी लगेच पळालो असतो, तेवढी अक्कल आहे. पण तेहतीस रुपये म्हणजे एक चहा आणि एक वडापाव! एवढ्यासाठी कोण कशाला फसवेल? पैसे काढायची किमान मर्यादा होती ५०,००० सातोशी, साधारण पावणेतीन हजार रुपये. गणपतीपर्यंत होतील असा हिशोब मांडून ठेवला. रात्री दोनचा अलार्म लावून उठायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, फोन चार्जिंगला लावता तेवढ्याची तरी कमाई होते का?" मी हसलो. तिला सांगितलं, महिन्याला दीड युनिट जातं, पंधरा रुपये. तो हिशोब तेवढा मी चोख केला होता.

मी तीन माणसं जोडली. एक मेव्हणा, एक बसमधला शेजारी आणि तिसरा आमच्या लाइनवरचा लातूरकडचा पोरगा. कॉन्ट्रॅक्टवर आहे, खराबवाडीत चौघांत एक खोली करून राहतो, मला दादा म्हणतो. मी सांगितलं म्हणजे चांगलंच असणार, असं त्याला वाटलं.

तर ती कॉम्प्रेसर रूम. त्या रात्री मी फोन पूर्ण बंद केला. आधी आकडा कागदावर लिहून घेतला, शेवटच्या अंकापर्यंत. सकाळी फोन चालू केला आणि अॅप उघडलं. आकडा होता तिथेच. बटण दाबून अजून चार तास झाले नव्हते, म्हणजे त्यांच्याच नियमाने मशीन चालू असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी उलटं करून पाहिलं. फोन चालू, नेट बंद, अॅप उघडं. आकडा वाढला आणि नेट चालू केल्यावर वाढलेला तसाच राहिला. आम्ही एखाद्या फीडरवर शंका आली की हेच करतो. एक एक बाजू आयसोलेट करायची आणि मीटर बघायचं. इथे लोडची बाजू कापली तरी मीटर फिरत होतं. लोड नव्हताच. फोनमध्ये एक काउंटर होता, दुकानाबाहेर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळेइतकाच खरा.

पुढे वाचताना कळलं की लुकआउट नावाच्या सायबरसुरक्षा कंपनीने २०२१ मध्येच असली १७० हून जास्त अॅप शोधून काढली होती. त्यातली २५ तर गुगलच्या प्ले स्टोअरवर होती. त्र्याण्णव हजारांहून जास्त लोकांनी त्यांना पैसे भरले होते. आकडा अॅपमध्येच वाढवायचा, मागे मशीनबिशीन काही नाही, असंच त्यांनाही आढळलं होतं. यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. खुद्द फोनवर मायनिंग करणारी अॅप गुगलने २०१८ मध्ये बंद केली, पण लांबच्या मशीनचं मायनिंग फोनवरून सांभाळणाऱ्या अॅपना मुभा ठेवली. मशीन लांब आहे म्हटलं की ते आहे का, हे बघायला कोण जातं?

मग मी उशिरा का होईना, मशीन अवर रेट काढायला बसलो. चाकणमध्ये जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही हा शब्द विचारा. गिऱ्हाईक कंपनीचा पर्चेसवाला तुमच्या व्हीएमसी मशीनच्या तासाची वीज, टूल, माणूस, घसारा सगळं सुटं करून मागतो आणि त्यातले पैसे कापतो. अशा मीटिंगांत मी विजेचे आकडे घेऊन बसलेलो आहे. तेच इथे करायचं राहून गेलं होतं.

बिटकॉइनचं मायनिंग म्हणजे जगभरातली मशीन एका विशिष्ट आकड्यासाठी आंधळेपणाने अंदाज मारत राहतात. साधारण दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी अंदाज लागतो आणि त्याला नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये एका वेळचं बक्षीस ५० बिटकॉइन होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. दिवसाला असे १४४ डाव, म्हणजे ४५० बिटकॉइन, म्हणजे ४,५०० कोटी सातोशी. त्या उन्हाळ्यात जगातल्या सगळ्या मशीनचा मिळून वेग ६०० एक्साहॅशच्या आसपास होता. त्याला माझ्या १० गिगाहॅशने भागलं तर ६,००० कोटी वाटे पडतात. ४,५०० कोटी सातोशींचे ६,००० कोटी वाटे केले की माझ्या हाती दिवसाला पाऊण सातोशी येतो. चार पैसे.

अॅप सहाशे दाखवत होतं. पाऊण सातोशीच्या वेगाने ५०,००० गाठायला १८२ वर्षं लागली असती.

मग वाटलं, खरं मशीन घेतलं असतं तर? अँटमायनर एस२१ घ्या, दोनशे टेराहॅशचं. ते साडेतीन किलोवॅट खातं, म्हणजे घरातला गीझर चोवीस तास चालू ठेवल्यासारखं. दिवसाला ८४ युनिट. घरगुती युनिट दहा रुपयांनी धरलं तर ८४० रुपये वीज आणि त्या दिवसांच्या भावाने कमाई ८२५. पंधरा रुपये तोटा, तोही मशीनची किंमत आणि पंखे न धरता. ज्या धंद्यात खरं मशीन विजेच्या बिलापुढे कसंबसं टिकतं, तिथे कुणी मला मशीन फुकट चालवून देणार होता, आणि विजेवर पोट भरणारा मी बटण दाबायला रात्री दोनला उठत होतो.

हे सगळं कळलं तेव्हा मला तीन फोन करायचे होते. दोन केले. मेव्हणा म्हणाला, मी तर चौथ्या दिवशीच सोडलं होतं. बसमधला शेजारी हसला. लातूरच्या पोराला मात्र शिफ्ट संपल्यावर समोरासमोर सांगू म्हणून थांबलो. कँटीनच्या मागे गाठलं तर तोच म्हणाला, "दादा, माझे पन्नास हजार सातोशी झाले. केवायसीसुद्धा केलं."

तो माझ्यानंतर सुरू होऊन पुढे कसा गेला? खोलीवरचे तिघे आणि गावाकडचे पाच-सहा त्याने जोडले होते. आणि पैसे काढायला गेल्यावर अॅपने त्याला सांगितलं की खातं 'व्हेरिफाय' करायला २,४०० रुपये भरा, ते परत मिळतील. यूपीआयवर कुणाचं तरी भलतंच नाव आलं. त्याने भरले. मग आधार कार्डाचा पुढून-मागून फोटो मागितला. तोही दिला. आता मर्यादा वाढून एक लाख सातोशी झाली होती आणि तो पुन्हा जाहिराती बघत होता. ओव्हरटाइमचे दोन-तीन दिवस होतात २,४०० म्हणजे. मी तिथेच त्याला माझ्या फोनवरून पाठवले. तो नको नको म्हणत होता. त्या नको-नकोत मला ऐकू येत होतं की तुमची काय चूक, दादा. चूक माझीच होती.

तिथूनच आम्ही सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन लावला आणि तक्रार नोंदवली. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, ते दोन मिनिटांत होतं. २,४०० परत आले नाहीत.

माझी खरी लाज वेगळीच आहे. क्लाउड मायनिंगच्या नावाखाली आपल्याच भागात केवढं मोठं प्रकरण होऊन गेलं, हे मी पेपरात वाचलेलं होतं. गेनबिटकॉइन. तुमचे बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करून महिन्याला दहा टक्के असे अठरा महिने देऊ, असं त्या योजनेचं बोलणं. पुढे लोकांच्या हातात बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन आलं. २०१८ मध्ये पुण्याच्या दत्तवाडी आणि आमच्या निगडी पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल झाले. योजनेचा सूत्रधार म्हणून अटक झालेला अमित भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे पोलिसांनी तपासाला मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक केली. जप्तीतलं आभासी चलन त्यांनी आपल्याकडे वळवलं असा आरोप होता. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला.

निगडी पोलीस ठाणं माझ्या घरापासून लांब नाही. मी तेव्हा बातमी वाचून म्हटलं होतं, बिटकॉइन असलेल्या श्रीमंतांच्या भानगडी या, आपला काय संबंध? त्यांच्याकडून बिटकॉइन मागितले. माझ्याकडे बिटकॉइन नव्हते म्हणून माझी झोप मागितली, जाहिराती बघायला डोळे मागितले आणि माझ्यावर भरवसा ठेवणारी तीन माणसं. मशीन दोघांनाही कुणी दाखवलं नाही.

बिटकॉइनला माझा राग नाही. कुणी घेतो, विकतो, त्यावर तीस टक्के कर भरतो, त्याचा तो जाणे. माझं बोलणं फुकटच्या मशीनपुरतं आहे.

लातूरचा पोरगा अजून आमच्याच लाइनवर आहे. त्याच्या आधारचा फोटो कुठे पडलाय, कोण जाणे.

तुमच्या फोनमध्ये असलं अॅप असेल तर आज रात्री आकडा शेवटच्या अंकापर्यंत कागदावर लिहा आणि फोन बंद करून झोपा. सकाळी पुन्हा बघा. आकडा तिथेच असेल तर अॅप काढून टाका, आणि ज्यांना ज्यांना ती लिंक पाठवली असेल त्यांना त्याच दिवशी फोन करा. शिफ्ट संपायची वाट बघू नका.