दिव्याची क्रोशाची सुई घ्यावी का?

टोकाला दिवा लागणाऱ्या क्रोशाच्या सुया आणि विणकामाच्या सुया आता सहज मिळतात. मी चेन्नईत, पश्चिम मांबळमला राहते. माझ्या हातात अशी सुई दिसली की बायका विचारतात, "खरंच उपयोग होतो का हो?" पैसे आपल्या कष्टाचे आणि डोळे जन्माचे, म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यावंसं वाटतं.

मी दिव्याच्या सुयांचा संच घेतला तो वीज गेल्यामुळे. २०१५ साली चेन्नईत सुभाश्री नटराजन यांच्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाचं मोठं काम चाललं होतं. ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून एक प्रचंड पांघरूण करायचं होतं. मीही माझे तुकडे विणत होते. डिसेंबरात पूर आला. आमच्या गल्लीत पाणी भरलं, वीज गेली ती लवकर आलीच नाही. मेणबत्तीपाशी बसून पिवळी, पांढरी लोकर विणता येत होती. गर्द जांभळी हातात घेतली की मुका खांब कुठे संपला आणि पुढचा कुठून घ्यायचा, काहीच उमगत नसे. तरी सगळ्यांचे तुकडे वेळेत पोचले, आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरच्या त्या पांघरुणाची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला वरदा चक्रीवादळ आलं, झाडं कोसळली, पुन्हा अंधार. त्यानंतर मी दिव्याचा संच मागवला.

या सुईच्या मुठीत बारीकसा एलईडी असतो आणि पुढचा भाग पारदर्शक ॲक्रिलिकचा. उजेड त्या काडीच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो आणि टोकाशी, जिथे दोरा अडकवायची खाच असते तिथे, बाहेर पडतो. डोक्यावरच्या दिव्यात विणताना आपल्याच हाताची सावली टाक्यावर पडते. इथे उजेड टाक्याच्या पोटातूनच येतो.

म्हणूनच काळ्या आणि गडद निळ्या लोकरीसाठी या सुईला तोड नाही. काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळे टाक्याच्या कडा दिसत नाहीत. पण सुईचं टोक खाली घातलं की दोन धाग्यांमधली फट उजळते आणि सुई कुठे घालायची ते कळतं. आमच्या शेजारचा मुलगा दर वर्षी अय्यप्पाची माळ घालतो. त्याच्यासाठी काळी खांद्याची पिशवी मी याच सुईने केली, तीही रात्री जेवणं आटोपल्यावर, आणि ती कुठेही उसवावी लागली नाही. रेल्वेतही तिचा फार उपयोग होतो. पुण्याला जाताना रात्री डब्यातले दिवे मालवले की मी वरच्या बर्थवर निवांत विणत बसते. खालच्या कुणाच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.

पण ज्या कामाला उजेड सगळ्यात जास्त लागतो, तिथे ही सुई नाही. थाळपोस, रुमाल, परकराची लेस ही बारीक दोऱ्याची कामं एक मिलिमीटरच्या आसपासच्या पोलादी सुईने होतात. पोलादातून उजेड जात नाही, आणि इतकी बारीक ॲक्रिलिकची काडी हातात मोडेल. माझ्या संचातली सगळ्यात बारीक सुई अडीच मिलिमीटरची आहे. लेस विणण्यासाठी हा संच मागवणारीची निराशा होणार. त्या कामाला आपल्याच तमिळनाडूत, निलगिरीतल्या केट्टीच्या कारखान्यातून येणारी साधी 'पोनी'ची पोलादी सुई उत्तम. उजेडाची सोय मात्र वेगळी करावी लागते.

चेन्नईच्या हवेचाही विचार करायला हवा. इथे हात सतत घामेजलेले असतात. घामेजल्या हातात ॲक्रिलिकच्या सुईवर ॲक्रिलिकची लोकर घसरत नाही, अडखळते, आणि मनगट लवकर दुखतं. सुती दोरा त्या मानाने बरा सरकतो. मुठीची जाडी मात्र चांगली आहे. बोटांचे सांधे धरतात त्या बायकांना पातळ सुईपेक्षा ती पकडायला सोपी जाते.

विणकामाच्या दिव्याच्या सुया मी घेऊन पाहिल्या आणि त्या कुणीच घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत झालं. विणकामात सगळे टाके सुईवरच बसलेले असतात, त्यामुळे काडी झाकली जाते आणि डोळ्यांना लागणारा उजेड टोकाशी फारसा उरत नाही. बॅटरी मागच्या टोपणात असल्याने सुई मागे जड होते. सुलट-उलट विणताना सरावाचा हात बोटांनीच टाका ओळखतो, तिथे हे ओझं कशाला?

बॅटरीबद्दल एक कळकळीची सूचना. स्वस्त सुयांमध्ये बटणासारखे छोटे सेल असतात. लहान मुलाने असा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते. घरात नातवंडं असतील तर यूएसबीवर चार्ज होणारी, बंद मुठीचीच सुई घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या मजल्यावरच्या मामींना मी माझी सुई वापरायला दिली. त्या म्हणाल्या, टोकाभोवती नुसतं तेजाचं वलय दिसतं, टाका दिसतच नाही. मला ते बरोबर वाटलं नाही. त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तर मोतीबिंदूची सुरुवात निघाली. डॉक्टरांनी समजावलं की धूसर झालेल्या भिंगात उजेडाचा ठिपका विखुरतो, म्हणून अशा डोळ्यांना टोकाचा दिवा मदत करण्याऐवजी दिपवतो. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. आपण मात्र वर्षानुवर्षं त्याच ट्यूबलाइटखाली बसून "आता दिसत नाही" म्हणत क्रोशे सोडून देतो. उतारवयात हातातली कला सुटणं हे फार मोठं नुकसान आहे, आणि बहुतेक वेळा ते टाळता येतं.

म्हणून पैसे या क्रमाने खर्च करा. आधी डोळे तपासा. एग्मोरचं सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ पासून चालू आहे, अशा शहरात राहून तपासणी टाळायला सबब नाही. मग गळ्यात अडकवायचा, मान वाकणारा चार्जिंगचा दिवा घ्या. तो लेस, विणकाम आणि वाचन या तिन्हींना चालतो. त्यानंतर गडद लोकरीचं काम किंवा रात्रीचा प्रवास पुष्कळ असेल, तर दिव्याची क्रोशाची सुई जरूर घ्या. विणकामाच्या दिव्याच्या सुयांवर एक रुपयाही घालवू नका.