रकाना आणि समास

रकान्यांचे मला पहिल्यापासून वेड. कोऱ्या कागदावर पट्टी धरून चार उभ्या रेघा ओढल्या की जगातला निम्मा पसारा आवरल्यासारखा वाटतो. दुधाचा हिशेब, इस्त्रीवाल्याची वही, शाळेतला हजेरीपट, आणि दिवाळीच्या आधी मी न चुकता करते ती फराळाच्या डब्यांची यादी. कोणाकडे चकल्या जास्त द्यायच्या, कोणाला मधुमेह म्हणून नुसती शेव, कोणाचा गेल्या वर्षीचा डबा अजून आपल्याच फडताळात पडून आहे, सारे एका दृष्टिक्षेपात. आजोळी वाण्याच्या दुकानात कीर्द आणि खतावणी अशा दोन लांबट वह्या असत. व्यवहार घडेल तसा कीर्दीत जाई आणि मग माणसामाणसाच्या खात्यावर खतावणीत. त्या वह्या पाहून मला वाटे, या गृहस्थाच्या डोक्यात गोंधळ म्हणून नसेलच.

पण रेघ दिसते तेवढी गरीब नसते. अर्ज भरणाऱ्याला वाटते, आपण आपली माहिती देतो आहोत. वस्तुतः आपल्याविषयी काय विचारायचे आणि उत्तराला किती जागा द्यायची, हे रेघा ओढणाऱ्याने आपण येण्यापूर्वीच ठरवून ठेवलेले असते. नावाला दीड इंच, धंद्याला एक इंच, आणि शेऱ्याला अर्धा. एवढ्यात जो मावेल तो माणूस.

पूर्वी या रेघा कचेरीतला हेडक्लार्क सांगे आणि छापखान्यातला जुळारी जुळवी. आताशा त्या संगणकावर ओढल्या जातात आणि त्या आराखड्याला ती मंडळी 'स्कीमा' म्हणतात. संगणक हा अत्यंत शब्दनिष्ठ कारकून आहे. येथे नाव येईल, ते अक्षरांत असेल, येथे वय येईल, ते आकड्यांत असेल आणि शून्याहून कमी नसेल, असे त्याला आधी बजावून ठेवावे लागते. वेबवरच्या पुष्कळ अर्जांमागे ही माहिती 'जेसन' नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थाने तिचा प्रसार केला. आपण ती शोधून काढली नाही, ती होतीच, आपल्याला फक्त सापडली, असे तो म्हणतो. हा विनय मला आवडला. त्या माहितीचे नियम सांगणारी जी भाषा, ती 'जेसन स्कीमा'. तिच्यात नुसता महिरपी कंसांचा सुकाळ. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस, आणि कोठे एक स्वल्पविराम राहिला की सारा मजकूर यंत्राच्या दृष्टीने कचरा. व्याकरणाच्या बाबतीत इतका कडक मास्तर मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

यावर तोडगा म्हणून त्या लोकांनी डोळ्यांना दिसेल असा संपादक तयार केला आहे. संपादक म्हणजे मासिकाचे नव्हेत. पडद्यावरची एक चौकट. तिच्यात रकाने एकाखाली एक मांडलेले दिसतात. अधिकच्या खुणेवर बोट दाबले की नवा रकाना उमटतो. त्याला नाव द्यायचे, यादीतून प्रकार निवडायचा, आणि शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण केली की तो रकाना सक्तीचा होतो. पत्त्यासारखा रकाना असेल तर त्याच्या पोटात गाव, गल्ली, पिनकोड असे उपरकाने घालता येतात. ते सारे कंस मागच्या बाजूला आपोआप लिहिले जातात. पाहायचे असल्यास पाहावेत, नसल्यास सुखाने झाकून ठेवावेत. ही चौकट सुताराने तयार करून ठेवलेल्या खिडकीसारखी असते. कोणत्याही वेबवरच्या कामात नेऊन बसवता येते.

माझी आणि तिची गाठ घालून दिली माझ्या भाचीने. ती पुण्याला हेच काम करते. आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद नोंद संगणकावर घ्यायचे ठरले तेव्हा ती चार दिवस मुक्कामाला आली आणि पहिल्याच दिवशी यंत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मावशी, रकाने तूच काढ. मला नियम ठाऊक आहेत, तुला माणसं ठाऊक आहेत."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटले. आजवर आमच्यासारख्यांना तयार रकाने भरायलाच मिळाले. ते काढणारा कोठे तरी दूर, थंडगार खोलीत बसलेला असे. त्याने आमच्या वाचनालयाची पायरी कधी पाहिलेली नसे.

पहिला तास तर खेळातच गेला. जेसनमध्ये माहितीचे प्रकार सहाच: मजकूर, आकडा, होय-नाही, यादी, गट आणि रिकामे. षड्रसांसारखे, यांतच सारा स्वयंपाक. सभासद क्रमांकासाठी मी 'आकडा' निवडला तशी भाची म्हणाली, "याची बेरीज करणार आहेस का?" "नाही." "मग तो आकडा नव्हे, मजकूर. आपला सभासद क्रमांक ००४७ असतो. आकडा म्हटलास तर पुढची दोन शून्यं जातील." ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, ही व्याख्या गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगायला हरकत नाही. दूरध्वनी, पिनकोड, घर क्रमांक १२ ब, सगळे मजकुरात गेले.

मौज अशी की रकाना उमटवणे इतके सोपे झाले की थांबवेना. नाव, गाव झाले. मग शिक्षण, धंदा, उत्पन्न, विवाहित की अविवाहित. चहा येईपर्यंत एकतीस रकाने उभे राहिले. कादंबरी घरी न्यायला आलेल्या माणसाला त्याचे उत्पन्न विचारायचे कारण काय, असे भाचीने विचारले तेव्हा मी आणि ग्रंथपाल एकमेकांकडे पाहू लागलो. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीसंबंधी जो कायदा केला, त्यातही सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी, असा दंडक आहे. सुदैवाने पुसण्याची खूणही तितकीच सोपी होती. बारा उरले.

खरा वाद पेटला तो सक्तीच्या खुणेवरून. आमचे ग्रंथपाल सज्जन गृहस्थ, पण तीस वर्षे अर्धवट भरलेली कार्डे पाहून पोळलेले. ते म्हणाले, "बाई, सगळंच सक्तीचं करून टाका. यंत्र पुढे जाऊच देणार नाही. लोक झक्कत भरतील."

लोक भरतील यात शंकाच नाही. प्रश्न आहे तो काय भरतील याचा. आपल्या महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेल्या माणसांची गणती केली तर त्या एका तारखेला आकाशातून मुलांचा पाऊस पडला असावा असे वाटेल. ३१ मे आला की कचेऱ्यांतून आणि शाळांतून निरोपसमारंभांची रीघ लागते, ती याचमुळे. शाळेच्या दाखल्यात जन्मतारखेचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची सोय नव्हती. आई सांगे, "मोठ्या पावसाच्या वर्षी झाला, पोळ्याच्या आधी." यातले एकही अक्षर खोटे नव्हते. पण रकान्यात पोळा मावत नाही. मग गुरुजी वयाचा अदमास घेत आणि शाळा उघडण्याच्या हिशेबाने १ जून लिहून मोकळे होत. सक्तीच्या रकान्याने माहिती मिळत नाही, उत्तर मिळते. त्या माऊलीपाशी जे खरे होते ते कोठेच नोंदले गेले नाही, आणि जे नोंदले गेले ते त्या मुलाला सेवानिवृत्तीपर्यंत पुरले.

वडिलांच्या नावाचा रकाना याहून जड. आमच्याकडे एक बाई मुलीला घेऊन सभासद व्हायला आल्या होत्या. भाचीने नुकताच नमुन्याचा अर्ज पडद्यावर लावला होता. बाईंनी तो पाहिला आणि हळूच विचारले, "इथंही टिंब द्यायचं का?" दुसऱ्या एका ठिकाणी वडिलांचे नाव दिल्यावाचून अर्ज पुढे सरकेना, तेव्हा कोणी तरी त्यांना ही युक्ती शिकवली होती. चौकोनात एक टिंब ठेवायचे. यंत्राला ते नाव वाटते. मुलगी नऊदहा वर्षांची असेल. ती पडद्यावरच्या त्या चौकोनाकडे टक लावून पाहत होती.

कायदा या बाबतीत अर्जांपेक्षा पुढे गेलेला आहे. अविवाहित आईला वडिलांचे नाव न सांगता मुलाचे पालकत्व मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरवले. पासपोर्टाच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरे, असे २०१६ च्या अखेरीस जाहीर झाले. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने वडिलांच्या आधी आईचे नाव आणले. पण न्यायालयाचा निकाल संगणकात आपण होऊन उतरत नाही. कोणी तरी ती बरोबरची खूण बोटाने काढावी लागते. मी ती काढली आणि रकान्याचे नाव 'पालक' असे केले. त्या बाईंनी स्वतःचे नाव लिहिले.

रिकाम्या जागेचेही प्रकार असतात, हे मला या निमित्ताने कळले. माहिती तक्त्यांत मांडण्याची आजची रीत एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली सांगितली. पुढे १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याने न भरलेल्या जागा दोन तऱ्हेच्या मानल्या. उत्तर आहे पण ठाऊक नाही, ही एक; आणि प्रश्नच लागू नाही, ही दुसरी. मी म्हणेन, तिसरीही आहे: ठाऊक आहे, लागूही आहे, पण तुम्हाला सांगायचे नाही. आमच्या कचेऱ्यांनी या साऱ्यांवर 'निरंक' असा एकच शिक्का मारून ठेवला आहे.

ग्रंथपालांचे समाधान मात्र झाले नव्हते. तेव्हा भाचीने एक प्रयोग केला. जुन्या कार्डांवरची नावे तिने आधीच यंत्रात उतरवून घेतली होती. ई-मेलच्या रकान्यावर तिने सक्तीची खूण केली आणि त्या नावांवरून नियम फिरवला. पाहता पाहता अर्धी यादी तांबडी झाली. प्रत्येक नावापुढे एकच शब्द: अवैध. चष्मा सरसावून ग्रंथपाल नावे वाचू लागले. आमच्या पहिल्या विश्वस्तांच्या सूनबाई अवैध. पोस्टातून निवृत्त झालेले, रोज चार वाजता येऊन अडगळीतली मासिके लावून देणारे आजोबा अवैध. वाचनालयाला दोन कपाटे देणारे अवैध. या माणसांत कालपासून आजपर्यंत काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती आमची एक खूण. परंतु यंत्र काही चौकट चुकली असे म्हणत नाही. ते म्हणते, माणूस चुकला. ग्रंथपाल बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच पुढे होऊन ती खूण काढली.

आणि समास? कागदाच्या वहीला तो होता. जुन्या रजिस्टरांत निम्मी माणुसकी समासातच सापडते. 'यांचे पुस्तक मुलगा आणून देईल', 'दंड माफ, घरी आजारपण'. कोणत्याही रकान्यात न बसणारे सारे तेथे तिरक्या अक्षरात बसे. जेसन स्कीमातही समास आहे, हे ऐकून मला नवल वाटले. तुम्ही मुद्दाम मनाई केली नाहीत तर न सांगितलेली जादा माहितीही तो नियम मुकाट्याने चालू देतो. 'याखेरीज काही नको' ही कडी आपण घालावी तेव्हा लागते. पुष्कळ जण ती घालतात, आणि त्यांचीही बाजू आहे: दार उघडे राहिले की कोणीही काहीही आणून टाकतो.

'इतर' नावाच्या रकान्यावर तरी माझा पुरता विश्वास कोठे आहे? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. कर्जाचा बोजा, कुळाची नोंद यांच्या पंगतीला त्यात पुष्कळदा घरच्या बहिणींची नावे बसवली गेली. भाऊ कब्जेदार आणि बहिणी इतर. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटा देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ साली केला आणि साऱ्या देशासाठी तो २००५ साली झाला. तरी जुन्या उताऱ्यांवर त्या अजून तेथेच आढळतात. उलट २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांच्या जोडीला 'इतर' हा पर्याय पहिल्यांदा आला, तेव्हा ज्यांना तोवर रकानाच नव्हता त्यांना निदान उभे राहायला जागा झाली. एकच शब्द, एकीकडे अडगळीची खोली आणि एकीकडे ओसरी.

शेवटी आम्ही दोनच रकाने सक्तीचे ठेवले: सभासद क्रमांक आणि ज्या नावाने हाक मारायची ते नाव. जन्मतारखेच्या जागी 'जन्मवर्ष, अंदाजे चालेल' असे घातले. कडी घातली नाही. सर्वांत खाली 'शेरा' उघडला, मजकूर प्रकारचा, लांबीचे बंधन नसलेला. पहिल्याच आठवड्यात मासिके लावून देणाऱ्या आजोबांनी तो शिपायाकडून टंकून घेतला. "डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. मोठ्या टायपातली पुस्तके बाजूला काढून ठेवावी. दिवाळी अंक मात्र नेहमीप्रमाणे सर्व."