चार की पाच

वार्षिकांकासाठी लेख मागितले तेव्हा वर्गातल्या मित्रांनी आई, पाऊस आणि पहिला एस.टी.चा प्रवास हे विषय आपापसांत वाटून घेतले. माझ्या वाट्याला काही उरले नाही. मी म्हणालो, "सर, मी गिअर ऑइलवर लिहितो." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "कसलं तेल?" असे त्यांनी दोनदा विचारले. वाचकांनी मात्र हसू नये. या तेलापायी आमच्या घरात जे घडले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आमचे गाव कळमनुरी तालुक्यात, कयाधूच्या काठाला. अण्णांकडे एक जुना टेम्पो आहे. गावातली मेथी, कोथिंबीर, वांगी भरून ते पहाटे चारला निघतात आणि आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करीत उजाडायच्या आत नांदेडच्या बाजारात पोचतात. कोथिंबिरीचा भाव सूर्याबरोबर खाली येतो. अर्धा तास उशीर झाला की शेतकऱ्याच्या हाती जुडीमागे किती उरेल, हे अण्णा बोटांवर सांगतात. त्यामुळे पहाटेची ती गाडी म्हणजे एकट्या अण्णांची नसते. तिच्यात पाच-सहा घरांचा बाजार बसलेला असतो.

मराठवाड्यात कसली थंडी, असे बाहेरच्यांना वाटते. त्यांनी जानेवारीत एकदा पहाटे कयाधूच्या काठाला यावे! पारा दहाच्या आसपास घुटमळतो, कधी त्याच्याही खाली जातो. अशा पहाटे टेम्पो चालू व्हायचा, पण दांडा पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हातात अडायचा. जणू काकवीत पळी फिरवावी तसा. "गिअर पडंना गेलाय," असे पुटपुटत अण्णा दोनदा क्लच दाबून तो बसवीत. तीन-चार कोसांवर गेल्यावर सगळे सुरळीत होई.

अण्णांचा त्यावर एक उपाय होता. गाडी चालू करायची, न्यूट्रलमध्ये ठेवायची, क्लचवरचा पाय काढायचा आणि तशीच फिरत ठेवून चहा प्यायचा. मला हे अडाणीपणाचे वाटे. "अण्णा, डिझेल फुकट जळायलंय," असे मी सांगत असे. न्यूट्रलमध्येही क्लच सुटलेला असला की डब्यातली काही चक्रे फिरत राहतात, तेल ढवळले जाते आणि थोडे सैल होते, हे मला कुठे ठाऊक होते? अण्णांनाही ते शब्दांत सांगता आले नसते. ते आपले चहा पीत.

डिसेंबर २०२१ ची गोष्ट. मी अकरावीत होतो, आणि घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. औषधाची बाटली असो, बँकेचे पत्र असो, खताची पिशवी असो. "आणा इकडं" म्हणायचे आणि वाचून दाखवायचे, हा माझा मान होता. तेल बदलायला झाले होते. अण्णा मला घेऊन हिंगोलीला गेले. दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले. दोन्हींवर ८० डब्ल्यू ९० असे छापलेले. एकावर मात्र जीएल-४ आणि दुसऱ्यावर जीएल-५. पाचवाला थोडा महाग.

"वाच बरं, काय फरक हाय," अण्णा म्हणाले.

मी डबे उलटसुलट केले. मागच्या बारीक अक्षरांतले मला फारसे कळले नाही, पण कळले नाही असे म्हणण्याची मला सवय नव्हती. "चारापेक्षा पाच भारी," मी सांगितले. "नवीन आहे, जास्त ताकदीचं आहे." अण्णांनी क्षणभर चारचा डबा हातात धरला. मिस्त्री नेहमी हाच टाकतो, असे काहीतरी ते बोलले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी पाचचे पैसे मोजले.

आता मला जे कळले आहे ते सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. नुसते ९० नंबरचे तेल थंडीत किती घट्ट व्हावे याला काही बंधन नाही. ८० डब्ल्यू ९० ला आहे. उणे २६ अंशांतही ते ठरावीक मर्यादेपलीकडे घट्ट होता कामा नये आणि तापल्यावर ९० इतके अंगाने जाड राहिले पाहिजे. ७५ डब्ल्यूची कसोटी तर उणे ४० ला लागते. ते लेह-लडाखच्या ड्रायव्हरांनी पाहावे. आमच्या कयाधूला ८० डब्ल्यू पुरून उरते. आणखी एक गंमत म्हणजे ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या ४०च्या दुपटीहून जाड वाटतो, पण तसे नाही. दोघांची मापेच निराळी. गिअरचे ९० हे इंजिनच्या ४०-५० च्याच घरातले असते. आकडा मोठा दिसला की माणूस दबतो. मी दबलो होतोच.

आणि जीएल-४, जीएल-५ हे तर पहिला वर्ग, दुसरा वर्ग असे नाहीतच! ती निरनिराळ्या कामांची नावे आहेत. मागच्या डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर भयंकर दाबाने घसरतात. त्यांच्यासाठी पाचमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्ये जास्त घातलेली असतात. गिअरच्या डब्यात मात्र पितळी रिंगा असतात. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन चक्रांना एका गतीवर आणण्याचे काम त्यांचे. रिंग शंकूवर टेकते, मधला तेलाचा थर बाजूला सारते, घासते, आणि त्या घासण्यातूनच गती जुळते. तेल घट्ट असेल तर थर लवकर हटत नाही, म्हणून दांडा अडतो. ते नको तितके बुळबुळीत असेल तर रिंग पकडच घेत नाही, नुसती घसरते. शिवाय तापल्यावर ते गंधक पितळेला खाऊ शकते. हल्लीची काही पाच नंबरची तेले पितळेला सांभाळून घेतात म्हणे, पण गाडीचे पुस्तक चार सांगत असेल तर चारच घालावे. आमच्या गाडीचे पुस्तक देवळीतल्या कॅलेंडरमागे होते. इंग्रजीतच होते. वाचणारा मी एकटाच होतो, आणि मी ते उघडलेले नव्हते.

त्या हिवाळ्यात दांडा थोडा हलका पडल्यासारखा वाटला. जुने काळे तेल जाऊन नवे आले होते, दुसरे काय! मी मात्र गावभर सांगत सुटलो. पुढच्या पावसाळ्यानंतर दुसरा गिअर टाकताना खर्र असा आवाज येऊ लागला. जानेवारी २०२३ मध्ये एका पहाटे वारंगा फाट्याच्या अलीकडे दुसरा पडेचना. मी शेजारीच बसलो होतो. अण्णांनी पहिल्यावरून गाडी ओरडवीत नेऊन एकदम तिसऱ्यात घातली. प्रत्येक गतिरोधकापाशी तेच. आम्ही पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडले होते. कोथिंबीर गेली, पण कशी गेली ते विचारू नका. परत आल्यावर अण्णा एकेका घरी जाऊन हिशेब देऊन आले.

मिस्त्रीचाचांनी डबा उघडला, तेलाचा वास घेतला आणि विचारले, "पाच नंबर किसने डाला?" दुसऱ्या गिअरची रिंग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. आतले बारीक आटे जवळजवळ गुळगुळीत झाले होते. "पितल को ये नई जमता ना बेटा." मग माझा चेहरा पाहून असेल, ते म्हणाले, "सब तेल का बी कसूर नई. गाडी बी बुढ्ढी हो गई." त्यातले किती खरे आणि किती माझ्यासाठी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मी अण्णांकडे पाहिले. ते एवढेच म्हणाले, "दुकानदारानं दिलं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

मागच्या खोलीवर पत्रे टाकायला ठेवलेले पैसे त्या दुरुस्तीत गेले. त्या पावसाळ्यात माझी बारावीची पुस्तके आईने खताच्या रिकाम्या पिशव्यांत बांधून ठेवली होती. खोलीत चार ठिकाणी भांडी लावलेली असत. रात्री थेंबांचा आवाज येई. अण्णा त्याबद्दल काही बोलले असते तर मला बरे वाटले असते.

नव्या रिंगा आणि ८० डब्ल्यू ९०, जीएल-४ घातल्यापासून दांडा नीट पडतो. थंडीत पहिले दोन-तीन कोस अजूनही किंचित अडतो. तेवढे कोणतेही तेल घातले तरी राहणारच, असे चाचांचे मत आहे, आणि आता मला ते पटते. अण्णा गाडी न्यूट्रलमध्ये फिरत ठेवून चहा पितात. हल्ली मीही त्यांच्या शेजारी कप घेऊन उभा असतो.

या दिवाळीनंतर पुन्हा तेल बदलायचे निघाले. मी कॉलेजात होतो, म्हणून अण्णा एकटेच जाऊन डबा घेऊन आले. मी घरी आलो तेव्हा तो ओट्यावर ठेवलेला होता. मी दिव्याखाली धरून पुढचे, मागचे, तळाचे सगळे वाचले. कॅलेंडरमागचे पुस्तक काढून पान जुळवून पाहिले. अण्णा दारात चपला घालून उभेच होते.

"चारच हाय ना रे?" त्यांनी विचारले.

"चारच आहे, अण्णा."

ते डबा घेऊन बाहेर गेले.