न सांगितलेला फोटो

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी केजीपासून कॉन्व्हेंटची. 'एकोणसत्तर' म्हटलं की आधी मनातल्या मनात इंग्रजीत मोजते. हा लेखसुद्धा रूममेटने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिल्यावरच संपादकांच्या हाती पडलाय. तरी मराठी विभागातच लिहायचं ठरवलं, कारण ज्याच्याबद्दल लिहितेय त्याचं काम, त्याची गिऱ्हाइकं आणि त्याचं बोलणं, सगळं अस्सल वऱ्हाडी. इंग्रजीत त्यातली अर्धी मजा उडून जाईल!

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, फ्रीलान्स फोटोग्राफर आहे. फ्रीलान्स म्हणजे काय असं कोणी विचारलं की तो सांगतो, "दुकान नाही, मालक नाही, अन् पगारबी नाही." राहतो अमरावतीत, पण बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, दर्यापूर असा सगळा पट्टा त्याचा. उन्हाळ्यात तो दिवसाआड एक लग्न करतो. (म्हणजे लग्नाचे फोटो काढतो हं! स्वतःचं एकच केलंय, आणि वहिनी हा लेख वाचणार आहे.) लग्नं नसली की गाण्या-भजनाचे कार्यक्रम. माझं घर अकोल्याला आणि हॉस्टेल अमरावतीला, त्यामुळे सेकंड इयरच्या सुट्ट्यांपासून मी त्याची हेल्पर झाले.

मला घेण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. नवरीच्या खोलीच्या दारातच मावश्या-काकू पुरुष फोटोग्राफरला अडवतात. मी सरळ आत! हिरवा चुडा, मेंदी, मुंडावळ्या बांधताना आईचा झालेला चेहरा, हे फोटो माझ्याकडे. बाकी वेळ माझं काम म्हणजे लाइट धरून उभं राहणं.

फिजिक्समधला इन्व्हर्स स्क्वेअर लॉ मला पेपरपुरता माहीत होता. लग्नाच्या लॉनवर तो खरा भेटला. लाइट तीन मीटरवरून सहा मीटरवर गेला की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो, आणि लगेच दादाचा आवाज येतो, "मांगं कायले चालली वं? नवरदेव काळा दिसून रायला न!" तसंच एलईडीचं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार वेगात ठेवलं की फोटोत आडवे पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० ला आणलं की पट्टे गायब. दादाने इंजिनीअरिंग कॉलेजची पायरी चढलेली नाही, पण हे मला त्यानेच शिकवलं. वायव्हाला कामी आलं!

लोकांना वाटतं, फोटोग्राफर म्हणजे बटन दाबायचं अन् जिलबी खायची. आता एका लग्नाचा दिवस ऐका. आदल्या रात्री सगळ्या बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी. सकाळी हळद. पत्रिकेत गोरज मुहूर्त छापलेला, सहा पस्तीसचा. पण वरात संदलच्या ठेक्यावर चौकातच अडकलेली! लग्न लागतं साडेआठला, म्हणजे उजेडाचं गणित नव्याने मांडा. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच येतो, आणि नेमके तेव्हाच कोणीतरी काका मोबाइल घेऊन मधे उभे. मग स्टेजवर आहेराची रांग. दोन तास तोच कोन, तेच हसू. "भाऊ, आमचाबी एक घ्या न!" आम्ही जेवायला जातो तेव्हा पनीर संपलेलं असतं आणि कॅटरिंगवाले भांडी आवरत असतात. रात्री दीडला घरी आलं तरी झोप नाही. आधी दोन हार्ड डिस्कवर कॉपी, मगच अंथरूण. पुढचे पंधरा दिवस फोटो निवडणं, रंग सुधारणं, अल्बमची पानं लावणं आणि "आमच्या जावयाचा फोटो लहान काहून लावला?" अशा फोनना उत्तरं देणं. गिऱ्हाईक पैसे मोजताना मात्र एकच दिवस मोजतं.

या धावपळीत दादाची एक सवय माझ्या लक्षात आली. ऑर्डर देताना घरचे लोक यादी सांगतात. मामा, आत्या, जावई, ऑफिसचे साहेब, कोणी सुटायला नको. या यादीत नसलेलं एक काम तो प्रत्येक लग्नात करतो. जेवणं सुरू झाली की छोटी लेन्स लावतो आणि मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे एकेकट्याचे फोटो काढतो. काठी टेकून बसलेले आजोबा, नवं लुगडं नेसून कोणाशीच न बोलता बसलेली आजी... कोणी सांगितलेलं नसतं. अल्बममध्ये त्यांना जागाही नसते.

"हे कायले?" मी विचारलं.

"लागते कधीतरी," एवढंच म्हणाला.

ते 'कधीतरी' म्हणजे काय, हे मला वहिनीने सांगितलं.

२५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला आणि एप्रिल-मेचा अख्खा सीझन बुडाला. पुढे लग्नाला परवानगी मिळाली ती ५० माणसांची. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या अमरावतीत पुन्हा आठवड्याचा लॉकडाउन झाला. त्या एप्रिलमध्ये तर राज्यभर नियम आला, लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत उरका, नाहीतर ५० हजार दंड. आता २५ माणसांत फोटोग्राफरला कोण मोजणार? ज्यांनी इसार दिला होता ते परत मागायला फोन करत होते, आणि कॅमेऱ्याचं कर्ज डोक्यावर होतंच.

त्याच दिवसांत वेगळे फोन यायला लागले. "दादा, तुम्ही आमच्या ताईचं लग्न केलं होतं न? त्यात आमच्या बाबांचा एकट्याचा फोटो निघंन काय?"

हार घालायला फोटो हवा होता. घरात चार मोबाइल, प्रत्येकात हजारो फोटो, पण त्या माणसाचा एकट्याचा, समोर पाहणारा, एकही धड नाही. सगळीकडे अर्धा चेहरा, कोणाच्या तरी खांद्यामागे. ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा केला की तो विस्कटतो, आणि शेजारच्याचा खांदा राहतोच. दादा रात्र-रात्र जुन्या हार्ड डिस्क उघडून बसायचा. कोणाचे बाबा, कोणाची मावशी, कोणाचे शाळेतले सर. बहुतेक फोटो त्या न सांगितलेल्यांतूनच निघाले. "पैसे घेतले का गं त्यानं?" मी विचारलं. वहिनी म्हणाली, "त्याचे कायचे पैसे वं?"

आता दादाच्या दुसऱ्या कामाबद्दल. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नं बंद. बाकीच्यांना चातुर्मास म्हणजे कांदा-लसूण बंद, फोटोग्राफरला म्हणजे कमाई बंद! पण गंमत बघा, याच चार महिन्यांत वऱ्हाडात वाद्यं वाजायला लागतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं राजराजेश्वराला येतात, सगळा रस्ता ढोलांनी दणाणतो. मग गणपती, मग अंबादेवीची नवरात्र, आणि मग गुरुकुंज मोझरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला गावोगावची भजनी मंडळं खंजिरी घेऊन तिथे जमतात.

खंजिरीचा फोटो काढणं लग्नापेक्षा अवघड. शटर फार वेगात ठेवलं तर हात दगडासारखा थिजतो, वाद्य मुकं वाटतं. १/३० ला ठेवलं तर चेहरा स्पष्ट येतो आणि बोटं धुरासारखी दिसतात. अट एकच, गाणाऱ्याने डोकं हलवायचं नाही, आणि आपण श्वास रोखायचा. "आवाज दिसला पायजे," असं दादा म्हणतो. फ्लॅश तो कधीच मारत नाही, गाणाऱ्याचं लक्ष उडतं. आणि ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली सुरू होते, तेव्हा तो कॅमेरा चक्क बंद करतो. एवढी माणसं गप्प उभी असताना शटरचा 'खट्' सुद्धा केवढा मोठा वाटतो!

१४ एप्रिल मात्र ऐन सीझनमध्ये येतो. त्या रात्री चांगली ऑर्डर आली तरी तो घेत नाही. भीमगीतांच्या मंचासमोर जमिनीवर मांडी घालून बसतो. समोर गायक, मागे कोरस, ढोलकीवाला घामाने भिजलेला. या कामात मिळतं काय? कधी शाल, कधी नारळ, कधी नुसता चहा.

कायद्याचंही एक गमतीशीर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा असतो, काढणारा नाही. म्हणजे लग्नाचे फोटो घरच्यांचे. भजनाचे फोटो कोणीच सांगितलेले नसतात, पैसेही कोणी देत नाही, म्हणून ते दादाचे स्वतःचे. आणि हा मालक काय करतो? वर्षभराने त्याच मंडळाला तेच फोटो कागदावर काढून फुकट नेऊन देतो! मागच्या खेपेला एका मंडळातला खंजिरीवाला म्हातारा दिसला नाही. विचारल्यावर त्याच्या जोडीदाराने नुसती मान हलवली, फोटो घेतला, टोपीने पुसला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

पण म्हणून दादा अगदी दानशूर कर्ण वगैरे आहे असं समजू नका. त्याच्या कपाटात एक अल्बम पडलाय. दर्यापूरकडच्या एका गावातलं लग्न. बाकी रक्कम कापूस विकल्यावर देतो म्हणाले. आपल्याकडे असे व्यवहार नेहमीचेच. पण त्या वर्षी वेचणीच्या वेळी पाऊस आला, कापूस भिजला आणि बाकी राहून गेली. दीड वर्षाने नवरीचा भाऊ आला. मला वाटलं अल्बम न्यायला आलाय. तो दारातूनच म्हणाला, "आबा गेले. एखादा फोटो हाये काय?"

फोटो होता. मीच तेव्हा लाइट धरला होता. आबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते, नवं धोतर, हातात न प्यायलेला मठ्ठ्याचा ग्लास, नजर नातीकडे. दादाने तो मोठा करून, फ्रेम लावून दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिला. एक रुपया घेतला नाही. अल्बम मात्र दिला नाही. त्या भावानेही मागितला नाही.

मला ते खटकलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "दादा, देऊन टाकायचा न अल्बम. काय करतो तू ठेवून?"

तो बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता. म्हणाला, "अल्बम माही मजुरी हाये. लॅबवाल्याचे पैसे म्या देल्ले, हप्ता म्या भरून रायलो. थे कापूस पिकला की देतीन, मी थांबतो. पण आबाचा फोटो मजुरीतला नोयता. त्याचे पैसे मांगता येत नाही मले."

मित्रांनो, आपण इंजिनीअरिंगवाले. पॅकेज, सीटीसी, कामाचे तास याच भाषेत आपण काम मोजायला शिकतोय. दादाचं वाक्य ऐकल्यापासून मी मात्र कामाचे दोन भाग करून पाहते. एक मजुरीचा. तो ठणकावून मागायचाच, त्यात लाज कसली? (आणि हो, गॅदरिंगला "नाव टाकू, क्रेडिट देऊ" म्हणून फोटोग्राफरला फुकटात बोलावणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं!) दुसरा भाग असा, की जो कोणी सांगितलेला नसतो, ज्याचं बिल होत नाही. माणसं मात्र पुढे तोच शोधत येतात.

असो. प्रवचन पुरे. आता एक काम सांगते. या दिवाळीत घरी गेलात की मोबाइल उघडून आजी-आजोबांचा, आई-बाबांचा एकट्याचा, समोर पाहणारा, धड उजेडातला एक तरी फोटो आहे का ते बघा. मी माझा मोबाइल तपासला. तीन हजारांवर फोटो निघाले, आणि आजी त्यात फक्त कोपऱ्याकोपऱ्यात होती. आता एक आहे. खिडकीजवळ बसवून काढला, सकाळी नऊचा उजेड, फ्लॅश नाही. "काहून काढते माहा फोटो?" असं ती विचारत होती.

आणि घरी जायच्या आधी आपल्या मेसच्या मावशींचा आणि गेटवरच्या काकांचाही एकेक काढून, छापून त्यांच्या हातात द्या. दहा-वीस रुपयांत होतं काम. लाइट धरायला कोणी लागलं तर मी आहे, गर्ल्स हॉस्टेलला निरोप द्या!